खेड्यांतील घर आणि पंडितांचें गणित

मळवली स्टेशनावर उतरून विसापूरच्या डोंगराकडे चालूं लागलें म्हणजे वाटेंत भाजे गांव लागतें, आणि गांवाच्या माथ्यावर बावीस लेण्यांची रांग दिसते. इसवी सनापूर्वीं दुसऱ्या शतकांत या लेण्यांच्या खोदकामास आरंभ झाला. मोठ्या चैत्यगृहाची कमान, तिच्या आंतील लांकडी फांसळ्या आणि थोड्या अंतरावर असलेला चौदा स्तूपांचा समूह पाहून प्रवासी समाधानानें परततात. परंतु शेजारच्या एका लहानशा विहारांत एका खोलीच्या दारावर कोरलेला छोटा लेख बहुधा कोणी वाचीत नाहीं. एका हालिकाच्या पत्नीनें हें दान दिलें, एवढाच त्या लेखाचा मजकूर आहे. हालिक म्हणजे नांगर धरणारा. मावळच्या मातींतील एका शेतकरी घराचा दगडावर उमटलेला हा फार जुना पुरावा होय.

या एवढ्याशा लेखावर विद्वानांनीं किती मोठे इमले चढविले जाऊं शकतात, हें पाहण्यासारखें आहे. कोणी म्हणेल, नांगऱ्याची बायको दान देते त्या अर्थीं तो काळ मोठा सुबत्तेचा असला पाहिजे. कोणी म्हणेल, दान तिच्या एकटीच्या नांवावर आहे त्या अर्थीं स्त्रिया सर्वस्वीं स्वतंत्र होत्या. आणखी कोणी म्हणेल, सासऱ्याचें अथवा दिराचें नांव नाहीं त्या अर्थीं एकत्र कुटुंब तेव्हां नव्हतेंच. वस्तुतः लेख सांगतो तें इतकेंच, कीं या बाईची ओळख नवऱ्याच्या धंद्यावरून दिली जात होती, आणि दान देण्याजोगें कांहीं तरी तिच्या हातीं होतें. तिच्या घरांत चुली किती होत्या, पंक्तीला माणसें किती बसत, धान्याच्या कणगीची मालकी कोणाची होती, याविषयीं तो दगड मुका आहे. मुक्याला बोलावयास लावण्याचा मोह आवरणें हा इतिहासाचा पहिला धडा होय. आणि खेड्यांतील कुटुंबाविषयीं लिहिणाऱ्या मोठमोठ्या पंडितांनाही तो पुष्कळदां विसरावयास झाला आहे.

भाजे येथील दुसऱ्या एका लेखाचेंच उदाहरण घ्या. पाण्याचें एक टांकें कोसिकीपुत्र विण्हुदत्त नांवाच्या महारठीनें दान दिलें असें तेथें कोरलेलें आहे. कोसिकीपुत्र म्हणजे कौशिक गोत्रांतील मातेचा मुलगा. सातवाहन राजेही स्वतःस गौतमीपुत्र, वासिष्ठीपुत्र असें म्हणवीत. अशीं नांवें पाहून त्या काळीं महाराष्ट्रांत मातृसत्ता होती असा तर्क करण्यांत आला आणि एका ग्रंथांतून दुसऱ्या ग्रंथांत तो उतरत गेला. परंतु त्याच सातवाहनांचें राज्य बापाकडून मुलाकडे गेल्याचे स्पष्ट दाखले आहेत. नाशिकच्या प्रसिद्ध लेखांत गौतमी बलश्री ही आपल्या पुत्राचा गौरव करते, आणि सिंहासनावर असतो तो त्या पुत्राचा पुत्र. मग मातेचें नांव कशासाठीं? ज्या घरांत एकाहून अधिक राण्या असत, तेथें कोणता मुलगा कोणाच्या पोटचा हें सांगण्याची सोय त्यांत होती, हें उत्तर अधिक साधें आणि अधिक पटणारें आहे. मावळांतीलच बेडसे येथील लेखांत सामडिनिका नांवाची महारठिनी आपण महाभोजाची कन्या व आपदेवणकाची पत्नी असल्याचें सांगते. माहेर आणि सासर हीं दोन्ही तिच्या ओळखींत आहेत. मातेच्या नांवावरून घराण्याची सत्ता ठरविणें म्हणजे उंबरठा पाहून माडीची उंची सांगण्यासारखें आहे.

प्राचीनांच्या बाबतींत पुरावा थोडा म्हणून चूक क्षम्य मानतां येईल. परंतु गेल्या दोनशे वर्षांत खेड्यांची प्रत्यक्ष पाहणी झाली, घरें मोजलीं गेलीं, कोष्टकें छापलीं गेलीं; आणि तरीही त्या पाहण्यांचा गोषवारा देणाऱ्या समालोचनांत एक ठरीव कथा पुनःपुन्हां येत राहिली. कथा अशी: पूर्वीं प्रत्येक खेड्यांत तीन-तीन पिढ्यांचीं मोठीं एकत्र कुटुंबें सुखानें नांदत होतीं, पुढें इंग्रजी कायदा, आगगाडी आणि गिरण्या आल्या व तीं कुटुंबें फुटलीं. ही कथा ऐकावयास गोड आहे आणि तींत थोडें सत्यही आहे. परंतु ती पाहणींतून निघालेली नाहीं. पाहणी करण्यापूर्वींच ती ठरलेली होती.

तिचें मूळ शोधूं गेल्यास तें खेड्यांत न सांपडतां कायद्याच्या ग्रंथांत सांपडतें. सर हेन्री मेन यांनीं १८६१ मध्यें आणि पुन्हां १८७१ मध्यें लिहिलेल्या ग्रंथांत हिंदी एकत्र कुटुंब व ग्रामसंस्था यांचें चित्र रेखाटलें. त्यांच्यापुढें होते ते मुख्यतः धर्मशास्त्राचे आधार, न्यायालयांतील निवाडे आणि सरकारी अधिकाऱ्यांचीं टिपणें. चार्ल्स मेटकाफ यांनीं १८३० मध्यें उत्तरेकडील खेड्यांविषयीं लिहिलेलें टिपणही असेंच साऱ्या देशाला लावण्यांत आलें. हीं मतें एकाकडून दुसऱ्याकडे कशीं गेलीं, याचा माग लुई द्युमाँ या फ्रेंच पंडितानें १९६६ मध्यें एका निबंधांत काढला. मिताक्षरेचा नियम असा, कीं मुलाला जन्मतःच वडिलार्जित मिळकतींत हक्क प्राप्त होतो. हा मिळकतीचा नियम झाला. एका चुलीवर किती जणांचें अन्न शिजतें याचें तें वर्णन नव्हे. भाऊ वेगळे राहूनही मिळकतीनें एकत्र असूं शकतात, आणि एका वाड्यांत राहूनही त्यांच्या चुली चार असूं शकतात. मेन यांच्या मागून आलेल्यांनीं कायद्यांतील कुटुंब आणि चुलीभोंवतींचें कुटुंब एकच मानलें. अरविंद शहा यांनीं १९७३ मध्यें प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत घर आणि कुटुंब हे दोन शब्द काटेकोरपणें वेगळे करून ही गफलत उघड केली.

मराठी खेडुताला ही गफलत कधींच झाली नसती. त्याच्या बोलींत या प्रत्येक गोष्टीला निराळा शब्द आहे. चूल वेगळी होणें ही एक गोष्ट. वांटणी होणें ही दुसरी. आणि भावकी तुटणें ही तिसरी. पहिली घडली तरी दुसरी घडतेच असें नाहीं, आणि दोन्ही घडल्या तरी लग्नांत, सुतकांत आणि कुळाचारांत भावकी एकच राहते. उलट 'कुटुंब' हा शब्द जुन्या वळणाच्या माणसाच्या तोंडीं केवळ बायकोला उद्देशून येत असे. शहरांतून गेलेल्या पाहणीदारानें 'तुमचें कुटुंब केवढें?' असें विचारावें आणि समोरच्यानें संकोचून खालीं पाहावें, अशी स्थिति. शब्दच चुकला तर उत्तर बरोबर येणार कोठून!

जुन्या काळाचा खरा पुरावा पाहावयाचा तर पुणें जिल्ह्याइतका भाग्यवान् प्रांत विरळा. पेशवाई १८१८ मध्यें बुडाली आणि पुढच्याच वर्षीं टॉमस कोट्स या इंग्रज शस्त्रवैद्यानें लोणी नांवाच्या गांवाची बारकाईनें पाहणी केली. ती मुंबईच्या लिटररी सोसायटीच्या ग्रंथमालेंत १८२३ मध्यें छापली गेली. हें लोणी म्हणजे पुण्याहून नगरकडे जाणाऱ्या रस्त्यावरील लोणीकंद. डॉक्टर घुर्ये यांनीं त्याच गांवाची पुन्हां पाहणी करून १९६० मध्यें ग्रंथ लिहिला, आणि पॉलिन कोलेंडा या अमेरिकन विदुषीनें १८१९, १९५८ आणि १९६७ या तीन सालांतील तेथील घरांची रचना ताडून पाहिली. तिचा निबंध १९७० मध्यें प्रसिद्ध झाला. एकाच मराठी गांवाचीं दीडशें वर्षांतील अशीं तीन चित्रें शेजारीं ठेवण्याची संधि जगांतही फार थोड्यांना मिळाली असेल. पूर्वीं सारींच घरें एकत्र होतीं आणि पुढें तीं सारीं फुटलीं, या समजुतीला त्या आंकड्यांत आधार मिळाला नाहीं. पेशवाईच्या अखेरीसही लहान घरें होतीं, आणि स्वराज्यानंतरही मोठीं घरें होतीं.

येथेंही एक सावधगिरी हवी. १८१९ हें साल म्हणजे कांहीं निर्मळ प्राचीन काळ नव्हे. त्यापूर्वीं सोळा-सतरा वर्षांवर यशवंतराव होळकरांच्या स्वाऱ्या आणि १८०३-०४ चा भयंकर दुष्काळ यांनीं पुणें प्रांत उजाड केला होता. आणि नुकतेंच युद्ध संपलें होतें. अशा प्रांतांतील घरें पाहून 'हीच पुरातन रीत' असें म्हणणाऱ्याचीही चूकच होईल. आजारी माणसाची नाडी पाहून त्याची तारुण्यांतील प्रकृति सांगतां येत नाहीं.

दुसरें उदाहरण पिंपळे सौदागरचें. मावळांत उगम पावणाऱ्या पवनेच्या कांठीं हें गांव आहे. आतां तें पिंपरी-चिंचवड शहरांत सामावून गेलें आहे. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपॉल डॉक्टर हॅरोल्ड मॅन यांनीं त्याची पाहणी करून १९१७ मध्यें ग्रंथ प्रसिद्ध केला. १७७१ मध्यें तेथील सरासरी खातें चाळीस एकरांचें होतें, तें १९१४-१५ मध्यें सात एकरांवर आलें, हा त्यांचा आंकडा सर्वत्र गाजला. एकशेंतीन कुटुंबांपैकीं केवळ आठ कुटुंबें निव्वळ शेतीवर सुस्थितींत होतीं, अठ्ठावीस बाहेरच्या मिळकतीची जोड घेऊन तग धरीत होतीं आणि सदुसष्ट कुटुंबांची स्थिति डबघाईची होती, हेंही त्यांनीं दाखविलें. हे आंकडे हृदय पिळवटणारे आहेत. परंतु मागाहून कित्येकांनीं त्यांतून एक भलताच अर्थ काढला: खातीं लहान झालीं, म्हणजे एकत्र कुटुंबें मोडलीं! खातें हा महसुलाचा शब्द आहे. खातेदाराच्या नांवामागें एक चूल आहे कीं पांच, हें खातें सांगत नाहीं. जमीन तेवढीच राहून खाणारीं तोंडें वाढलीं तर प्रत्येक भाऊ बापाच्या चुलीवर जेवत असतांही वांटा लहानच होणार. मॅन यांनीं जमिनीचा आणि कर्जाचा प्रश्न मांडला होता. समालोचकांनीं तो घरगुती भांडणाचा करून टाकला.

मॅन यांची स्वतःची वृत्ति मात्र अनुकरणीय होती. पिंपळे सौदागर पुण्याच्या आणि खडकीच्या फार जवळ, म्हणून तेथील स्थिति साऱ्या दख्खनची मानतां येणार नाहीं, हें ओळखून त्यांनीं शहराच्या सावलीपासून दूर असलेलें जातेगांव बुद्रुक हें कोरडवाहू गांव निवडलें आणि कानिटकर यांच्यासह त्याची पाहणी करून १९२१ मध्यें दुसरा ग्रंथ काढला. आपल्या पहिल्या ग्रंथाची मर्यादा दुसऱ्या ग्रंथानें दाखवून देणारा संशोधक हा खरा संशोधक.

तिसरी चूक खानेसुमारीची. १९५१ च्या खानेसुमारींत असें आढळलें, कीं खेड्यांतील सुमारें दर तीन घरांपैकीं एका घरांत तीन किंवा त्याहून कमी माणसें आहेत. तेवढ्यावरून, लोक एकत्र राहण्याची रीत सोडून वेगळे होऊं लागले आहेत, असा निष्कर्ष सरकारी अहवालांत नोंदला गेला. आय. पी. देसाई आदि समाजशास्त्रज्ञांनीं त्यावर आक्षेप घेतला, आणि हेन्री ऑरेन्स्टाइन या पाहणीकारानें १९६१ मध्यें जुन्या खानेसुमाऱ्यांचे आंकडे ओळीनें मांडून घराचा सरासरी आकार घटत चालल्याचें दिसत नाहीं हें दाखविलें. मुळांत एका वर्षीं लहान घरें किती हें ठाऊक झाल्यानें तीं वाढत आहेत कीं कमी होत आहेत हें कळत नाहीं. एकदां पाहिलेली नदी चढत आहे कीं उतरत आहे, हें कांठावरच्या एका खुणेवरून कोण सांगणार?

शिवाय घरें मोजणें आणि माणसें मोजणें यांत अंतर आहे. समजा, एका वाडींत दहा घरें आहेत. सहा घरांत चार-चार माणसें, आणि चार घरांत नऊ-नऊ. घरें मोजलीं तर दहापैकीं सहा लहान. परंतु माणसें मोजलीं तर साठांपैकीं छत्तीस जण मोठ्या घरांत राहतात. एक पंडित म्हणेल, बहुसंख्य घरें विभक्त आहेत; दुसरा म्हणेल, बहुसंख्य लोक एकत्र राहतात; दोघेही खरे, आणि दोघांचें भांडण मात्र व्यर्थ. कोलेंडा यांनीं १९६८ मध्यें निरनिराळ्या प्रांतांतील पंचवीसहून अधिक पाहण्या एकत्र तपासतांना हाच भेद ध्यानांत आणून दिला.

काळाचें चक्रही विसरतां कामा नये. बाप जिवंत आहे तोंवर तीन मुलगे एका चुलीवर जेवतात. बाप गेला कीं चुली तीन होतात. पुढें त्या तिन्ही घरांत मुलें वाढतात, सुना येतात, आणि तिन्ही घरें पुन्हां मोठीं होतात. पाहणीदार मधल्या दहा वर्षांत आला तर त्याला कुटुंबसंस्था कोसळलेली दिसते; वीस वर्षांनीं आला तर तीच भरभराटलेली दिसते. त्यांत विसाव्या शतकाच्या आरंभीं हिंदुस्थानांतील सरासरी आयुर्मान पंचविशीच्या आंतबाहेर होतें, हें लक्षांत घेतलें म्हणजे नातसून पाहणारे आजोबा घरोघर असत ही कल्पना किती पोकळ आहे तें कळतें. तिघां पिढ्यांनीं एकत्र नांदावयाचें तर आधीं तिन्ही पिढ्या जगावयास हव्यात!

मात्र या दुरुस्त्या वाचून 'एकत्र कुटुंब ही निव्वळ कविकल्पना' असें म्हणूं लागणें ही उलट्या दिशेची चूक होय. मावळच्या खेड्यांकडे पाहावें. पुणें-खंडाळा लोहमार्ग १८५८ मध्यें सुरू झाला, १८६३ मध्यें बोरघाट ओलांडला गेला, आणि घाटावरचे तरुण मुंबईच्या गोदींत व गिरण्यांत जाऊं लागले. नवरा मुंबईस, बायको-मुलें गांवीं सासू-सासऱ्यांपाशीं. दर महिन्याला मनिऑर्डर, आणि पेरणीला व गणपतीला तो घरीं हजर. मुंबईच्या यादींत तो एकटा. गांवच्या यादींत घर कर्त्याशिवाय. दोन्ही याद्या मिळून एक कुटुंब होतें, हें यादी करणाऱ्याला कोण सांगणार? देसाई यांनीं म्हटलें तें हेंच, कीं एकत्रपण छपरावरून न ठरवितां कर्तव्यावरून, मिळकतीवरून आणि मदतीच्या देवघेवीवरून ठरवावें. इरावती कर्वे यांनीं १९५३ च्या ग्रंथांत एक छप्पर, एक चूल, समाईक मिळकत आणि समाईक कुळाचार हीं लक्षणें दिलीं. तीं एकत्र कुटुंबाच्या पूर्ण रूपाचीं लक्षणें होत. त्यांतील एखादें कमी पडलें कीं कुटुंब मेलें, असा अर्थ त्यांतून काढणें अन्यायाचें आहे.

हा सारा वाद शाळेंतील व्याकरणासारखा कोरडा वाटेल. परंतु त्याच्या तळाशीं माणसांचे हक्क आहेत. सातबाराच्या उताऱ्यावर थोरल्या भावाच्या नांवापुढें 'ए. कु. मॅ.' हीं अक्षरें पुष्कळ ठिकाणीं आढळतात. एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, असा त्यांचा अर्थ. उतारा पाहणारा म्हणतो, एक कुटुंब, एक मालक. प्रत्यक्षांत त्या तीन अक्षरांमागें धाकटे भाऊ, त्यांच्या विधवा आणि लग्न होऊन गेलेल्या बहिणी असतात. १९३७ च्या कायद्यानें हिंदु विधवेला मर्यादित हक्क दिला. १९५६ च्या कायद्यानें मुलीला वडिलांच्या हिश्शांत वारस केलें. महाराष्ट्रानें १९९४ मध्यें अविवाहित मुलींस आणि देशानें २००५ मध्यें सर्व मुलींस जन्मतः सहहिस्सेदार मानलें. आणि ११ ऑगस्ट २०२० रोजीं सर्वोच्च न्यायालयानें, त्यासाठीं २००५ मध्यें वडील हयात असण्याची अट नाहीं, असा निर्णय दिला. द्रुतगती महामार्ग झाल्यापासून मावळांत जमिनीचा भाव चढला, तेव्हां त्या तीन अक्षरांमागें कोण कोण आहे हा प्रश्न पुस्तकी राहिला नाहीं. जो विद्वान् उताऱ्यावरचें नांव म्हणजेच कुटुंब असें लिहितो, तो नकळत बहिणीचें नांव पुसण्याच्या कामीं हातभार लावतो.

आणि ही बहीण पाहण्यांत बोलली आहे तरी किती? पाहणीदारानें चावडीवर किंवा पारावर बसून विचारलें तें पुरुषांना, आणि उत्तरें दिलीं तीं पुरुषांनीं. स्त्रीनें जें सांगितलें तें पहांटे जात्यावर. गी पॉईतवँ आणि हेमा राईरकर यांनीं मावळ-मुळशीकडील डोंगरी गांवांपासून आरंभ करून एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या, तेव्हां घराचें दुसरें चित्र पुढें आलें. त्या ओव्यांत सासर आहे, पण त्याहून अधिक माहेर आहे. भाऊ आहे, आई आहे, आणि भावजयीच्या राज्यांत आपली पायरी कोणती ही विवंचना आहे. खात्याच्या वहींत जी स्त्री कोठेंच नाहीं, ती जात्याच्या पाळीशीं साऱ्या कुटुंबाचा हिशेब मांडून बसलेली असते. ओवी हा कोर्टांतील पुरावा नव्हे हें खरें. परंतु तिला वगळून लिहिलेलें कुटुंबाचें वर्णन अर्धेंच राहतें हेंही तितकेंच खरें.

सारांश, खेड्याविषयींच्या ग्रंथाचें समालोचन करणाऱ्यानें निष्कर्ष उचलण्यापूर्वीं कांहीं साधे प्रश्न विचारले पाहिजेत. मोजलें तें काय: चूल, खातें, छप्पर कीं माणसें? पाहणी कोणत्या सालची, आणि त्यापूर्वीं दुष्काळ वा युद्ध झालें होतें काय? उत्तर दिलें कोणी, आणि कोणाला विचारलेंच नाहीं? आणि एका गांवाचें सत्य साऱ्या देशाला लावण्याचा अधिकार कोणी दिला? या प्रश्नांना कांहीं मोठी विद्वत्ता लागत नाहीं, प्रामाणिकपणा लागतो.

भाज्याच्या डोंगरावर त्या हालिकपत्नीचा लेख अजून आहे. तिनें आपलें दान दिलें, नवऱ्याच्या धंद्याचें नांव सांगितलें आणि ती थांबली. खालीं गांवांत आजही पावसाळ्याच्या आरंभीं भातखाचरांत चिखलणी सुरू होते, आणि आवणाच्या वेळीं वेगळ्या चुलींचे भाऊ एकमेकांच्या खाचरांत उतरतात. त्यांना कोणी विभक्त म्हणावें, कोणी एकत्र म्हणावें. रोपें लावून झाल्यावर ते एका बांधावर बसून भाकरी खातात, एवढें मात्र पाहणाऱ्यानें आपल्या वहींत टिपून घ्यावें.